हातचा एक

काजूच्या कारखान्यात दुभाष्या हवा म्हणून
हेडमास्तरांनी मला चौथीच्या वर्गातून उठवून पाठवलं.
वेंगुर्ल्यात इंग्रजी येणारे पुष्कळ, वकील होते, पाद्री होते,
त्या दुपारी मोकळा मीच.

ज्या देशाचं नाव शाळेच्या नकाशात
अजून छापून यायचं होतं
(मी पेन्सिलीनं लिहिलेलं, किनाऱ्याला चिकटून, बारीक)
त्या देशाचा अर्थमंत्री. एलिआ मकोंगा.
एकच सूट, कोपरावर चकाकणारा.
म्हणाला, गोरे साहेब जाताना रीतसर सही घेऊन
खजिन्याच्या किल्ल्या देऊन गेले.
सात किल्ल्या. कपाटं तीन.
बाकीच्या चार कशाच्या, ते शोधतोय.
आणि हसला. त्याआधी तोही शाळेत गणित शिकवायचा.

आत धूर.
ओळीनं बसलेल्या बायका, बोटांना राख चोळून,
लाकडी दांडकं, टक्, टक्,
साल इकडे, गर तिकडे.
एका गोणीवर त्याच्या देशाचा नवा शिक्का होता, शाई फुटलेली.
परगावी आपल्याच पोराचा सदरा दिसावा
तसा तो त्यावरून हात फिरवत राहिला.
आई झाडाखाली बी वेचायची, म्हणाला,
आणि शेराला काय मिळायचं ते सांगितलं.
मी त्याचे आणे करून सांगितले.
पिदाद आल्मेडानं दांडकं थांबवलं.
"तेवड्यात मीठव येवचा नाय."

मग त्यानं विचारला
विलायतेला जाणाऱ्या डब्याचा भाव.
मालक खोकला. मी सांगून टाकला.
त्यानं डब्याचं एक लेबल मागून घेतलं,
पाठकोऱ्या बाजूवर गुणाकार मांडला,
हातचा वरच्या कोपऱ्यात,
अगदी माझी मुलं मांडतात तसा.
उत्तर आलं. पेनाला टोपण लावलं.
पिदादचा हात हातात घेतला,
चिकानं काळी नखं, ठसे पुसून गेलेली बोटं,
आणि फळ्यासमोर बोलावं तसं सावकाश म्हणाला:
पाच वर्षांत ही बी आम्ही आमच्या घरी फोडू.
एकही गोणी बाहेर जाणार नाही.
मग खालच्या आवाजात: सॉरी.

टकटक थांबलेली. साठ बायका माझ्याकडे बघतायत.
"काय म्हणता तो, मास्तरानू?"

"म्हणता, तुमच्या हातात कला आसा."

हसल्या. कुणी पदर तोंडाला लावला.
पिदाद हसली नाही.

बंदरावर त्यानं विचारलं,
नीट सांगितलंस ना त्यांना?
मी हो म्हटलं.

चौथ्या मोसमात गोण्या आल्या नाहीत.
पाचव्यातही नाहीत.
थंड भट्टीच्या तोंडात कुत्री व्याली.
पिदाद खाडीत तिसऱ्या काढायला जायची,
ओहोटीच्या वेळा भिंतीवर कोळशानं लिहून.
तिच्या मुलीची फी मी दोनदा भरली, नाव न सांगता.
तिसऱ्यांदा मलाच जमलं नाही.

पुढे एकदा सुक्या बांगड्यांच्या पुडीवर सहा ओळी:
लष्करानं राज्य ताब्यात घेतलं,
खजिन्यात तूट, अर्थमंत्री अटकेत.
नाव चुकीचं छापलेलं.
आणि त्याच मोसमात गोण्या आल्या.
शिक्का तोच. शाई आता नीट.

साठांतल्या चाळीस परत आल्या.
पिदाद दाराशी भेटली, बोटांना राख लावत.
"तो गणिताचो मास्तर जिवंत आसा मा?"
माहीत नाही, म्हटलं.
"त्या दिसा तुमी खोटा सांगितलास.
सॉरी म्हणालो तो. तेवडा इंग्रजी माका येता.
हातात कला आसा म्हणून कोण माफी मागता?"
आणि आत गेली. टक्, टक्.

ते लेबल आहे माझ्याकडे, पेटीत, पेन्शनच्या कागदांखाली.
पुढच्या बाजूला सोनेरी काजू, मागे निळा गुणाकार.
किती वेळा तपासला.
उत्तर एका घरात एकानं कमी येतं.
हातचा मांडलाय, मिळवायचा राहिलाय.

तांबडी पेन्सिल हातात घेतो.
ठेवून देतो.